ग्रंथपालबाईंचं कपाट आणि सहा हजार रुपये

या प्रकरणातल्या बाई एकेचाळीस वर्षांच्या. राहायला धायरीला, नोकरी शनिवार पेठेच्या आसपासच्या एका शाळेत, ग्रंथपाल म्हणून. ग्रंथालयशास्त्राची पदवी लग्नाआधीची. नोकरी मात्र मुलगी सातवीत गेल्यावरची. मधली वर्षं घर, सासूबाईंचं आजारपण आणि मुलीच्या क्लासच्या वेळा सांभाळण्यात गेली. २०२५च्या जूनमध्ये त्या रुजू झाल्या. पगार बेताचा. त्यातून डिसेंबरपर्यंत कपड्यांवर सहा हजार, वर एक रुपया नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. शाळेचा नियमही साधाच: पोशाख अंगभर आणि नीटनेटका हवा, पंजाबी ड्रेस चालेल, समारंभाला साडी.

मी कोथरूडला शिवणाचे वर्ग घेते आणि फिटिंगची कामं करते. त्या माझ्याकडे आल्या त्या काखेत उसवलेला कुर्ता घेऊन, आणि पुढच्याच आठवड्यात तसाच दुसरा. तिथून हे सगळं सुरू झालं. त्यांच्या परवानगीने, नाव वगळून लिहिते आहे.

ग्रंथपाल म्हणजे टेबलामागे बसून शिक्के मारणारी व्यक्ती, असं आपल्याला उगाच वाटतं. शाळेच्या ग्रंथालयात बसणं कमी. खालच्या फळीसाठी उकिडवं बसायचं, वरच्या फळीसाठी स्टुलावर चढून हात ताणायचा, पाचवीच्या मुलांच्या गराड्यात वाकून पुस्तकं मोजून घ्यायची. जुन्या पुस्तकांची धूळ अंगावर, किल्ल्यांचा जुडगा सतत हातात. शिवाय सिंहगड रोडच्या गर्दीतून स्कूटरवर जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. कपड्यांचा विचार करायचा तर या दिवसापासून करायला हवा होता. त्यांनी तो कपाटापासून केला होता.

कपाटात साठेक कपडे होते. भाऊबीजेचे, बारशा-मुंजीचे, कर्वे रोडवरच्या हॉलांमधल्या प्रदर्शनांतून ‘छान मिळाला’ म्हणून उचललेले. जरीकाठाचे, आरसेकामाचे, पायघोळ अनारकली. त्या म्हणाल्या, “ताई, मला शाळेत जायचं असतं आणि कपाट लग्नाला निघालेलं असतं.” म्हणून जूनमध्ये त्यांनी तुळशीबागेतून साडेतीनशेच्या दराने काही कुर्ते आणले होते, मुद्दाम एक साइज मोठे, सैल असले की मोकळं वाटेल, हा हिशेब. तेच कुर्ते काखेत फाटत होते.

त्यांना मी एक काम दिलं. कपाटाकडे पाहू नका, वाळत घातलेल्या दोरीकडे पाहा, आणि दर रविवारी दोरीवर काय आहे ते लिहून ठेवा. आपण काय घालतो याबद्दल माणूस स्वतःशीही खोटं बोलतो, दोरी बोलत नाही. तीन आठवड्यांची यादी आली तेव्हा साठातले नऊच कपडे फिरून फिरून येत होते. त्यात नवा असा एकही नाही. धाकट्या बहिणीचा जुना निळा कुर्ता, एक बांधणीचा, एक बारीक फुलांचा केंब्रिकचा (म्हणजे पातळ, गुळगुळीत सुती कापडाचा), दोन-तीन अगदी विटलेले. पण शेजारी शेजारी मांडले तर जणू एकाच घरातली भावंडं. सगळे सुती. सगळे गुडघ्याशी संपणारे. बाही कोपराच्या जरा खाली. गळा लहान किंवा छोट्या उभ्या कॉलरचा. रंग मधले: निळा, मोहरी, विटकरी. काळा नाही, कारण पुस्तकांची धूळ काळ्यावर पिठासारखी दिसते. पांढरा नाही, कारण स्कूटर.

म्हणजे बाईंची स्वतःची आवड ठरलेलीच होती, फक्त कुणी ती मांडून पाहिली नव्हती. ‘मला काय शोभतं’ हे शोधायला लोक शरीराचे आकार फळांच्या नावांनी ओळखणारे तक्ते घेऊन बसतात. मला त्या तक्त्यांचं फारसं कौतुक नाही. चाळिशीतल्या बाईने वीस वर्षं कपडे वापरलेले असतात, उत्तर तिच्या धुण्यात असतंच.

आता फाटणाऱ्या काखेकडे. या प्रकरणाचा गाभा तोच आहे, म्हणून जरा थांबते.

मी त्यांना तुळशीबागेतला मोठ्या मापाचा कुर्ता घालायला सांगितला आणि म्हटलं, “दोन्ही हात वर करा बघू, वरच्या फळीवरचा शब्दकोश काढताय असं समजा.” हात वर जाताच अख्खा कुर्ता वर चढला, कंबर उघडी पडली आणि बाही दंडाशी काचली. मग बहिणीचा तो निळा, मापाने लहान कुर्ता घालायला लावला. हात वर, आणि कुर्ता जागच्या जागी. त्या चक्रावल्या. लहान कुर्ता जास्त मोकळा कसा?

कारण मुंढ्यात आहे, म्हणजे कुर्त्याला बाही जोडतात त्या गोलाईत. मोठ्या साइजच्या तयार कुर्त्यात खांदा रुंद होतो आणि मुंढा खोल जातो, काखेपासून दोन-तीन इंच खाली. हात खाली असेपर्यंत ते ऐसपैस वाटतं. पण हात वर उचलला की बाहीची खालची शिवण अंगातला कापडाचा भाग सोबत खेचते, कारण बाही अंगाला बरीच खाली जोडलेली आहे. सगळा ताण त्या एका टोकावर येतो, आणि रोज वीस वेळा आला की शिवण सुटते. मुंढा काखेजवळ असेल तर हात खांद्यातून फिरतो आणि कुर्त्याला हलावं लागत नाही. जुन्या सदऱ्यांना काखेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घालत; तिचा उपयोग हाच: मुंढा वर ठेवूनही हात उचलायला जागा. स्वस्त तयार कपड्यात ती कळी घालत नाहीत, कापड आणि वेळ दोन्ही लागतात. खोल मुंढा अनेक अंगांना ‘बसतो’, म्हणून कारखान्याला तोच सोयीचा.

सैलपणा आणि आराम यांची आपण गल्लत करतो. घेर हवा तिथे हवा: छातीला बेताचा, नितंबांवर मोकळा. खांदा आणि मुंढा मात्र मापात. हे एकदा कळलं की मोठी साइज घेण्याचा मोह संपतो.

दुसरी जागा बाजूच्या कटाची, म्हणजे कुर्त्याच्या दोन्ही बाजूंच्या चिरेची. कट फार खाली सुरू झाला तर उकिडवं बसताना कुर्ता मांडीवर ताणतो; फार वर गेला तर स्कूटरवर वारा शिरून मागचा पदर उडतो. त्यांच्यासाठी कट कमरेच्या हाडाच्या साधारण चार बोटं खाली सुरू केला आणि टोकाला आडवी पक्की टीप घातली. गळ्याचंही तसंच. वाकून मुलांशी बोलायचं तर खोल व्ही गळ्याचं काही खरं नाही, एक हात सतत छातीशी जातो. त्यामुळे उभी कॉलर आणि वर दोन बटणं.

नऊ आवडत्या कपड्यांतले दोन आता घरातच वापरायच्या लायकीचे होते. उरलेले सात दुरुस्तीला घेतले. दोघांचा मुंढा खांद्याच्या शिवणीतून वर उचलला. तसं करताना गळा वर येतो आणि बाही अरुंद करावी लागते, ते पाहून घ्यावं लागतं. तिघांना काखेत कळी घातली. त्यासाठी कापड तळाची रुंद दुमड उसवून काढलं. दोघांना फक्त कट आणि लांबी. सगळ्यांना उजव्या शिवणीत खिसा, किल्ल्यांसाठी. खिसा लागल्यावर त्यांना जेवढा आनंद झाला तेवढा नवीन कपड्याने कुणाला झालेला मी पाहिलेला नाही. बायकांच्या कपड्यांना खिसा न देणाऱ्यांना नेमकी कसली काटकसर साधायची असते, हे मला कधीच कळलं नाही.

तुळशीबागेतले फाटके कुर्ते? त्यांत दुरुस्तीचे पैसे घालण्यात अर्थ नव्हता. कापड रेयॉनचं, विरळ, शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) अशी नाहीच. ओटे पुसायला गेले.

रेयॉनबद्दल दोन शब्द, कारण दुकानात हल्ली ‘कॉटनसारखंच आहे ताई’ म्हणून तेच पुढे येतं. रेयॉन किंवा व्हिस्कोस घाम भरपूर शोषतं, सुतापेक्षाही जास्त. साधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओलावा धरतं, व्हिस्कोस तेरा टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टरमध्ये घाम अंगावरच राहतो. मग रेयॉन उत्तमच की, असं वाटेल. पण रेयॉन ओलं झालं की कमकुवत होतं आणि जड होऊन लोंबतं. धुताना पिळलं, दांडीवर ओलं टांगलं की आकार जातो. स्वस्तातलं असेल तर धुण्यात आखडतंही. रोज घालून रोज धुवायच्या कपड्याला ते टिकाऊ नाही. सणाला घाला, खुशाल.

पुण्याची हवा तीन तऱ्हांची आहे आणि एकच कापड तिन्हींना पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण घाम मुंबईसारखा निथळत नाही. सुती कपडा असला की निभतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्कूटरवर बोटं गारठतात आणि दुपारी बारा वाजता स्वेटर हातात येतो, म्हणून जाड एका कपड्यापेक्षा पातळावर पातळ बरं. खरी परीक्षा पावसाळ्याची. आषाढ-श्रावणात गॅलरीत टाकलेली जाड खादी दोन दोन दिवस वाळत नाही आणि मग कुबट वास मारते. कपडे किती लागतात याचं उत्तर आठवड्याच्या दिवसांवर नसून वाळायला लागणाऱ्या वेळावर असतं, हे त्यांना जुलैमध्ये कळलं. पावसाळ्यासाठी केंब्रिक किंवा मलमलच हवं, रात्री पंख्याखाली टाकलं की सकाळी घालता येईल असं.

सातवर काम भागणार नव्हतं, म्हणून थोडी भर घालायची होती. त्या आधी कुठे कुठे फिरून आल्या होत्या. मुलीबरोबर हाँगकाँग लेन आणि कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. तिथे माल आहे, भाव आहे, पण घालून पाहायची सोय नाही. हात वर करून पाहता येत नसेल तर कुर्ता घेऊ नका, असं मी म्हटलं. दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून काहीच कळत नाही. बसा, वाका, हात वर करा. पथारीवर घ्यायचंच असेल तर आपला सगळ्यात चांगला कुर्ता पिशवीतून न्यायचा आणि खांद्याला खांदा, मुंढ्याला मुंढा लावून मापायचं. विक्रेता हसतो, हसू द्या. त्यांनी तुळशीबागेत असं एकदा केलं. त्या दिवशी काहीच खरेदी झाली नाही, ही माझ्या मते त्या महिन्यातली सर्वोत्तम खरेदी.

आणि मग प्रश्न आला जुन्या साड्यांचा. आईने दिलेल्या दोन सुती साड्या होत्या, एक बारीक चौकड्यांची, एक मोहरी रंगाची, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या. साडीचं कापड साडेपाच मीटर, पन्हा साडीचा म्हणजे चांगला रुंद. एका साडीत दोन कुर्ते निघतात, फक्त पदर आणि काठ कुठे येणार हे आधी आखावं लागतं. त्यांनी एकेका साडीचा एकच काढला. उरलेलं कापड मुलीसाठी राखलं. जुनं सूत पातळ झालेलं असतं आणि शिवणीपाशी विरतं, म्हणून आतून मलमलचं अस्तर. काठ बाहीला आणि कॉलरच्या पट्टीला वापरला, छातीवर आडवा लावला नाही. तिथे लावला की कुर्ता नाटकातला दिसतो.

नवीन कापड रविवार पेठेतून आणलं: दोन कुर्त्यांचं आणि दोन पँटींचं. लेगिंग त्यांना नको होती, दिवसभर मांडीला चिकटते आणि उकिडवं बसलं की गुडघ्यावर ताणून पारदर्शक होते. सरळ कटाची सुती पँट, पुढे सपाट पट्टा, मागे इलॅस्टिक. रंग दोनच, गडद निळा आणि मातकट. वरचा कुठलाही कुर्ता दोन्हींपैकी एकीवर जातोच, सकाळी जुळवाजुळव करायला लागत नाही. सगळं कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावली. सुती कापड पाण्यातून काढलं नाही तर चाळीस इंची कुर्ता पहिल्या धुण्यात दीड-दोन इंच सहज चढतो आणि मग दोष शिंप्याला. (मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात. आजच्या रंगांना त्याने काही होत नाही. जादा सुटा रंग निघून जातो तो साध्या पाण्यानेच.)

जूनमधले तुळशीबागेतले कुर्ते सोडून हिशेब असा झाला. सात कुर्त्यांची दुरुस्ती ८४० रुपये. कुर्त्यांचं कापड, प्रत्येकी अडीच मीटर, १८० रुपये मीटरने ९००. पँटींचं, प्रत्येकी सव्वादोन मीटर, २२० ने ९९०. चार कुर्त्यांची शिलाई १६०० आणि दोन पँटींची ७००. अस्तर २४०. सगळ्यांवर चालेल अशी एक विटकरी ओढणी २५०. एकूण ५५२०. मी दर कमी लावलेला नाही. लावला असता तर या हिशेबाचा दुसऱ्या कुणाला उपयोग नव्हता. पैसे कशावर गेले पाहा: निम्म्याहून जास्त शिलाई आणि दुरुस्तीवर. आपल्याकडे साडेतीनशेचा कुर्ता घेताना हात आखडत नाही, पण त्याच्यावर सव्वाशेची दुरुस्ती म्हटली की ‘एवढी?’ होतं. रोज न घातला जाणारा साडेतीनशेचा कुर्ता महागच पडतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी ५ टक्के झाला आणि त्यावरच्या कपड्यांवर १८, तेव्हा त्यांनी विचारलं, आता दिवाळीत घेतलेलं बरं का? त्या घेतात ते कपडे हजाराच्या आतले. त्यांच्यावर आधीही ५ टक्केच होता. फरक पडला तो हजार ते अडीच हजारवाल्यांना, त्यांचा १२ वरून खाली आला.

घरातून विरोध झाला, तोही अनपेक्षित बाजूने. सासूबाईंचं म्हणणं, “अगं, रोज तेच तेच काय घालतेस? लोक म्हणतील सुनेला कपडे करत नाहीत.” शाळेतल्या एका सहकारी बाईंनीही ‘गणवेश केलास की काय’ असं चिडवलं. खरं तर त्यांच्याकडे आता अकरा कुर्ते होते, पण कट एकच, म्हणून लोकांना एकच दिसत होता. मी त्यांना नवा कट सुचवला नाही. कॉलरच्या पट्टीला वेगळा काठ, बटणं लाकडी किंवा शिंपल्याची, आणि ओढणी कधी कधी खांद्यावर पिन न लावता गळ्याभोवती एवढंच बदलायला सांगितलं. सहकारी बाईंचं चिडवणं थांबलं नाही. ऑक्टोबरमध्ये मात्र त्या स्वतः खिशाचं माप विचारायला आल्या. सासूबाईंना मात्र अजून पटलेलं नाही.

कपाटातल्या लग्नाळू कपड्यांचं काय केलं? फेकले नाहीत. हौशीचे होते, पैसे गेलेले होते. पाच-सहा चांगले ठेवले, बाकीचे बहिणी-भाच्यांना. रेशमी काठाचे पण विरलेले बोहारणीला, त्यात एक स्टीलचं पातेलं आलं आणि सासूबाई त्या दिवशी खूश होत्या. कपाट अर्धं रिकामं झाल्यावर बाईंना आधी भीती वाटली, मग सवय झाली.

साडीचा प्रश्न अर्धवटच सुटला. गुरुपौर्णिमा, १५ ऑगस्ट, शिक्षक दिन, शाळेचं स्नेहसंमेलन एवढ्या दिवशी साडी लागते. साड्या होत्या, ब्लाउज होत नव्हते. चार ब्लाउजांत शिवणीत माया होती, ते सोडून मोठे केले, २८० रुपये. एकूण खर्च ५८०० झाला. पण ब्लाउजचा मुंढा कितीही नीट केला तरी साडीत स्टुलावर चढणं धोक्याचं आहे, आणि त्या दिवशी वरच्या फळीवरची पुस्तकं दहावीची मुलं काढून देतात. याला माझ्याकडे शिवणकामातलं उत्तर नाही. मुख्याध्यापिकांशी बोला, एवढंच मी म्हटलं. त्या अजून बोललेल्या नाहीत.

उरलेल्या दोनशेत त्या जानेवारीत सनकोट, म्हणजे स्कूटरवर उन्हासाठी घालायचा सैल कोट, घेऊन आल्या. तो फ्री साइज, म्हणजे मुंढा जवळजवळ कमरेशी, आणि स्कूटरचा आरसा नीट करायला हात पुढे केला की पाठीवर ताणतो. मार्चच्या उन्हाआधी त्याला कळ्या घालायच्या आहेत. पांढरं कापड माझ्याकडे पडलेलं आहे, शिलाई दीडशे सांगितली आहे.